अठरा तास आणि मिटलेले पुस्तक

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या शाळेच्या फलकावर एक सूचना हमखास लागते : परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अभिवादन म्हणून सलग अठरा तास अभ्यास. पहाटे सहा वाजता त्रिसरण-पंचशील ग्रहण करून मुले सभागृहातील सतरंज्यांवर बसतात आणि मध्यरात्री बाराला उठतात. मध्ये जेवणाच्या सुट्ट्या आणि चहा, एवढीच काय ती उसंत. महाराष्ट्रातील कितीतरी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि ग्रंथालये हा उपक्रम श्रद्धेने करतात. भाट्याच्या या किनाऱ्यावरही तो वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यात बसलेले आणि बसवणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक ही स्मरणिका हाती घेणार आहेत. आम्ही बसवणाऱ्यांपैकी.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थी मेळाव्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आज तो आपल्या गावी पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचे दुकान चालवतो. हाताखाली दोन माणसे आहेत, पंचक्रोशीत नाव आहे. बोलता बोलता तो म्हणाला, “सर, नववीत मी अठरा तास बसलो होतो. जागचा हललो नव्हतो. तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतंत.” आम्हालाही ते आठवत होते. मग तो हसून म्हणाला, “आणि त्याच आठवड्यात विज्ञानाच्या पेपरात चाळीसपैकी नऊ मिळाले. तेव्हाच ठरवलं, विज्ञान हे आपलं काम नव्हे. बसायचं कसं ते मला शिकवलंत सर, पण बसून करायचं काय, ते कोणी सांगितलंच नाही.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते वाक्य अधिक खोल गेले. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात विद्युत मोटार आहे. तिचे कुंडल, चुंबकीय क्षेत्र, दुभंगलेले कडे, सारे आहे. जो मुलगा आज ती मोटार डोळे मिटून उघडतो आणि जोडतो, त्याला आम्ही विज्ञान न येणारा मुलगा म्हणून निरोप दिला होता. चूक त्याच्या बुद्धीची नव्हती. आम्ही त्याचे तास मोजले आणि अभ्यास मोजायचा विसरलो.

आम्ही विज्ञानाचे शिक्षक नाही. आम्ही इतिहासात एम.ए. केले आणि उभा जन्म सनावळ्या शिकवण्यात घालवला. परंतु निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेवर देखरेख करण्याची पाळी सर्वांना येते आणि ती करताना मुलांचा विज्ञानाचा अभ्यास आम्ही जितका जवळून पाहिला, तितका कदाचित विज्ञानाच्या तासालाही कोणी पाहिला नसेल. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विज्ञानाच्या चाचणीचा अभ्यास कसा करावा, या वरवर साध्या दिसणाऱ्या विषयावर आमचे मत मांडण्याचे धाडस करीत आहोत.

अभ्यासिकेतले दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. घटक चाचणी दोन दिवसांवर आलेली असते. मुले मांडी घालून, किंचित पुढे-मागे झुलत, मोठ्याने व्याख्या म्हणत असतात. पुस्तकातील ओळींखाली रंगीत रेघा ओढलेल्या असतात. काहींच्या पुस्तकात तर रेघ नसलेली ओळ शोधावी लागते. एकदा एका मुलीने अपवर्तनाची व्याख्या आम्हाला एका दमात म्हणून दाखवली. आम्ही विचारले, “म्हणजे काय गं?” ती गप्प झाली. राजापूर तालुक्यातल्या एका चिरेखाणीवर काम करणाऱ्या बापाची ती मुलगी. आम्ही सहज विचारले, “व्हाळात कुर्ल्या पकडल्यास का कधी?” तिचा चेहरा उजळला. म्हणाली, “सर, कुर्ली दिसते तिथं हात घातला तर सापडत नाही. ती दिसते वर, असते खाली.” आम्ही म्हणालो, “हेच तर अपवर्तन! चाचणीत का नाही लिहिलंस?” ती म्हणाली, “पुस्तकात नाही ना सर.”

त्या उत्तरात आमच्या अध्यापनाचा निकाल लागला होता. मुलीच्या ठायी निरीक्षण होते, अनुभव होता, कारण शोधण्याची बुद्धी होती. फक्त या सगळ्याला विज्ञान म्हणतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्यासाठी विज्ञान म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी शब्द चुकू न देता म्हणून दाखवणे. आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे शब्द ऐकवले गेले आणि त्यांचा अर्थ विचारण्याची मनाई होती. त्याच समाजाच्या शाळेत, त्याच समाजाच्या मुलीने असे समजावे, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

घोकंपट्टी फसवी का असते, याचा शास्त्रीय शोध घेतला गेला आहे आणि तो प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवा. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा एकदा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, तर लिहून पाहणाऱ्यांना ७५ टक्के. म्हणजे वाचणारे पुढे. परंतु हीच परीक्षा आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांपाशी ४२ टक्के उरले होते आणि लिहून पाहणाऱ्यांपाशी ५६ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. पेपरात मात्र पुस्तक समोर नसते. तिथे हवे असते ते मिटलेल्या पुस्तकातून काढून आणता येण्याचे सामर्थ्य, आणि ज्याचा सराव केला नाही ते ऐनवेळी येत नाही.

दुसरा शोध याहून जुना आहे. ज्या १८८५ साली ब्रह्मदेशाचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत केले आणि पुढे आपल्या रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले, त्याच साली जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस या अभ्यासकाने स्मरणशक्तीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने प्रयोग स्वतःवरच केले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे. एका दिवसानंतर पूर्वीच्या श्रमांतला जेमतेम एक तृतीयांश लाभ शिल्लक राहतो, असे त्याला आढळले. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा अधिक टिकतो हे खरे. पण त्याचा दुसरा निष्कर्ष आमच्या अठरा तासांच्या संदर्भात फार मोलाचा आहे. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांचा जेवढा उपयोग झाला, तेवढाच उपयोग तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांचा झाला. श्रम जवळपास निम्मे, फळ तेच. फरक एवढाच की मध्ये रात्री गेल्या होत्या.

आता कोणी विचारील, मग बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला तो व्यर्थ का? असा प्रश्न विचारणाऱ्याची श्रद्धा आम्ही जाणतो, कारण ती आमचीही आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही एवढेच म्हणू की, त्या तासांची संख्या आपण घेतली आणि त्या तासांत काय चालत होते, ते पाहायचे राहून गेले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत असताना रामजी सुभेदार स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास भीमरावांना अभ्यासाला उठवून मग स्वतः आडवे होत, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे त्या घरात झोपही होती. तिचे नियोजन होते. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी दिवसचे दिवस घालवले, ते एखादी व्याख्या घोकण्यासाठी नव्हे. त्यांच्या मनात प्रश्न होते आणि ग्रंथांना ते उत्तरे मागत होते. त्यांच्या दोन थोर संशोधनग्रंथांची नुसती नावे पाहा. १९४६ सालच्या ग्रंथाचे नाव ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ आणि १९४८ सालच्या ग्रंथाचे नाव विचारते की अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का बनले. दोन्ही नावे म्हणजे प्रश्नच. जो माणूस ग्रंथाचे नावसुद्धा प्रश्नाने ठेवतो, त्याचा अभ्यास आपण उत्तरे घोकून साजरा करतो!

आपली धम्मपरंपराही याच दिशेने बोट दाखवते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तिथे पाचशे भिक्खूंनी एका सुरात पठण सुरू केले नाही. महाकाश्यपांनी आधी उपालींना विनयाविषयी प्रश्न विचारले आणि मग आनंदांना धम्माविषयी. कुठे घडले, कोणाच्या संदर्भात, कशासाठी? त्यांनी उत्तरे दिली आणि त्यानंतर संघाने ती स्वीकारली. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले तेही एका प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, ज्याने भदंत नागसेनांना प्रश्नांनी घेरले होते. पठण आपल्याकडे होते आणि आहे. शेकडो वर्षे बुद्धवचने कंठस्थ ठेवणाऱ्या भिक्खूंचे ऋण कोण विसरेल? पण त्या पठणाच्या आधी प्रश्न होता.

मग विज्ञानाच्या चाचणीसाठी आपल्या मुलाने नेमके काय करावे?

पहिली गोष्ट, अभ्यास आठ दिवस आधी सुरू करावा आणि थोडा थोडा करावा. चाचणी सोमवारी असेल तर रविवारच्या पाच तासांपेक्षा आधीच्या सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी मिळून केलेले अडीच तास अधिक कामाचे. मधल्या दिवसांत थोडे विसरायला होते. ते हवेच असते. विसरू लागलेले पुन्हा आठवून काढताना जो ताण पडतो, त्यातच स्मरण पक्के होते. चाचणीच्या आदल्या रात्री मात्र वेळेवर झोपावे. शिकलेले मनात मुरण्यासाठी झोप लागते.

दुसरी गोष्ट, पुस्तक मिटावे. पाठातला एक भाग समजून वाचावा, पुस्तक बंद करावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे. मग पुस्तक उघडून सुटलेले लाल शाईने भरावे. ती लाल शाई हा त्या दिवशीचा खरा अभ्यास. दोन दिवसांनी त्याच भागाचा नवा कागद घ्यावा; लाल शाई कमी झालेली दिसेल. गुणपत्रक यायच्या आधीच मुलाला स्वतःची प्रगती स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, याचा आनंद वेगळाच असतो. आकृत्यांचेही तसेच. हृदयाची आकृती पाहून दहा वेळा काढण्यापेक्षा न पाहता तीन वेळा काढावी आणि चुकलेली नावे दुरुस्त करावीत.

तिसरी गोष्ट गणिती उदाहरणांची. सोडवलेले उदाहरण वाचले की ते आपल्याला आले असे वाटते, आणि नेमका तिथेच घात होतो. समजा, १० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर १५ सेंटिमीटरवर वस्तू ठेवली आहे. प्रतिमा कुठे मिळेल? चिन्ह संकेताप्रमाणे वस्तूचे अंतर ऋण घेतले तर उत्तर येते ३० सेंटिमीटर. ते एक ऋण चिन्ह विसरले तर उत्तर येते ६ सेंटिमीटर. सूत्र दोघांनाही पाठ होते. एकाने कागदावर हात चालवला होता, दुसऱ्याने नजर. म्हणून उदाहरण झाकून ठेवावे, आधी काय दिले आहे ते लिहावे, मग सूत्र, मग एकके आणि चिन्हे, आणि उत्तर आल्यावर ‘हे पटण्यासारखे आहे का?’ असे स्वतःला विचारावे.

चौथी गोष्ट, ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न. याला मुले सर्वांत अधिक भितात आणि आपल्या भाट्यात याच्याइतका सोपा प्रश्न नसावा. दुपारी सुरूच्या बनात उभे राहावे. वारा समुद्राकडून येतो. का? कारण जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा येते. जमीन आधी का तापली? कारण वाळूपेक्षा पाण्याची विशिष्ट उष्माधारकता कितीतरी अधिक आहे. तेवढीच उष्णता मिळूनही पाण्याचे तापमान कमी वाढते. मग रात्री काय होईल? जमीन लवकर निवेल आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहील. खारे वारे आणि मतलई वारे. तीन वेळा ‘का’ विचारले आणि तीन गुणांचे उत्तर तयार झाले. व्याख्या याच्या शेवटी पाठ करावी, सुरुवातीला नव्हे. अर्थाच्या खुंटीला अडकवलेली व्याख्या गळून पडत नाही.

या परिसरात अशा खुंट्या पावलोपावली आहेत. अमावास्या-पौर्णिमेला काजळी नदीच्या मुखाशी उधाणाचे पाणी किती वर चढते ते पाहणाऱ्याला गुरुत्वाकर्षण हा शब्द कोरडा वाटणार नाही. होड्यांचे गंजलेले खिळे आणि जस्ताचा थर दिलेला पत्रा शेजारी ठेवला की क्षरणाचा पाठ डोळ्यांसमोर उभा राहतो. आमसुलाच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला की रंग पालटतो आणि आम्ल-आम्लारी समजतात. आपल्या गावातच १९५५ पासूनचे नारळ संशोधन केंद्र आहे. उंच आणि ठेंगू जातींचा संकर म्हणजे काय, हे तिथले माड दाखवतील; आनुवंशिकतेचा पाठ त्यांच्या सावलीत शिकवता येईल. पुलापलीकडच्या शहरातील महागड्या शिकवण्या आपल्या मुलांच्या पालकांना परवडत नाहीत. परंतु समुद्राची, व्हाळाची आणि माडांची फी नसते.

पाचवी गोष्ट, चुकांची एक वेगळी वही ठेवावी. तपासलेला पेपर हाती आला की आपण गुण पाहतो आणि तो गादीखाली सरकवतो. खरे तर तो पुढच्या चाचणीचा सर्वांत उत्तम मार्गदर्शक आहे. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : हे मला येतच नव्हते, येत होते पण चुकीचे समजलो होतो, की येत होते पण लिहिताना गडबड झाली? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीला वाचन, दुसरीला शिक्षकांशी बोलणे, तिसरीला घड्याळ लावून सराव. सगळ्यांवर ‘अजून अभ्यास कर’ हा एकच उपाय सांगणारा शिक्षक प्रत्येक रुग्णाला एकच गोळी देणाऱ्या वैद्यासारखा. आम्हीही बरीच वर्षे तेच केले.

आणि सहावी गोष्ट, दुसऱ्याला शिकवावे. निवासी शाळेचे हेच तर वैभव की रात्री आठ वाजताही शेजारी वर्गमित्र असतो. दोघांनी समोरासमोर बसून एकाने पुस्तक धरावे, दुसऱ्याने सांगावे, मग अदलाबदल करावी. दहावीच्या मुलाने आठवीच्या मुलाला भिंग समजावून द्यावे. जिथे आपली जीभ अडखळते, तिथेच आपले समजणे अडखळलेले असते.

इथे पालकांशी, विशेषतः आयांशी, दोन शब्द. “सर, आम्ही अडाणी, आम्हाला यातलं काय कळणार?” हे वाक्य आम्ही पालकसभेत असंख्य वेळा ऐकले आहे. सुट्टीत मूल घरी आले की त्याला एवढेच म्हणा, “आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग.” आणि ऐका. समजले नाही तर स्पष्ट म्हणा, “मला नाही समजलं, पुन्हा सांग.” लिहिता-वाचता न येणारी आई याबाबतीत उत्तम परीक्षक असते, कारण तिला व्याख्येने फसवता येत नाही. मूल तिसऱ्यांदा सांगू लागेल तेव्हा ते आपल्या घरातली, शेतातली उदाहरणे शोधू लागेल आणि त्या क्षणी त्याचा अभ्यास झाला असे खुशाल समजावे.

आमच्या या म्हणण्यावर काही सहकारी विचारतात, पाठांतर टाकून परीक्षेत गुण कसे मिळणार? दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आहेत. त्यांत व्याख्या आहेत, संज्ञा आहेत, सूत्रे आहेत. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा, सूत्रे, एकके ही पाठच हवीत. आमचे म्हणणे एवढेच की तीही पुस्तक मिटून, विभागून, एकमेकांना विचारून पाठ करावीत. आणि ज्याला कारण समजले आहे त्याला पाठ करायचे थोडेच उरते.

म्हणून आमची शाळेला, संस्थेला आणि माजी विद्यार्थ्यांना एक नम्र सूचना आहे. अठरा तासांचा उपक्रम बंद करू नये. त्यामागची भावना पवित्र आहे आणि ज्या मुलांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही त्यांना एवढ्या मोठ्या शांततेत बसण्याचा अनुभवही मोलाचा आहे. परंतु तो एका दिवसात कोंबू नये. ९ एप्रिल ते १४ एप्रिल हे सहा दिवस घ्यावेत, रोज तीन तास. १ डिसेंबर ते ६ डिसेंबर हेही सहाच दिवस. बेरीज अठराच होते. रोजच्या तीन तासांतला एक तास वाचनाचा, एक मिटलेल्या पुस्तकाचा आणि एक फळ्याचा ठेवावा. फळ्याच्या तासाला प्रत्येक मुलाने पुढे येऊन, खडू हातात घेऊन, एक गोष्ट इतरांना समजावून सांगावी आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारावेत. शेवटच्या दिवशी कोण किती वेळ बसले याची नोंद न घेता कोणी किती चांगले प्रश्न विचारले, त्यांचे वाचन व्हावे. माजी विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात एक संध्याकाळ काढून यावे. मोटारी भरणारा आमचा तो विद्यार्थी यायला तयार आहे. जळालेली एक मोटार घेऊन येतो, म्हणाला.

फळ्याचा आग्रह आम्ही का धरतो, ते सांगून थांबतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुलांनी एकच गलका केला आणि धावत जाऊन डबे दूर केले. नंतरच तो मुलगा फळ्यापर्यंत पोहोचू शकला. १९०७ साली तोच मुलगा मॅट्रिक झाला, तो ७५० पैकी २८२ गुणांनी. त्याच्या गौरवाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या गुणांकडे पाहून त्याला कोणी ‘हे तुझे काम नव्हे’ असे म्हटले असते तर?

आज आपल्या वर्गात फळ्यामागे कोणाचे डबे नाहीत. फळा मोकळा आहे आणि तो मोकळा करण्यासाठी एका माणसाने आपले आयुष्य वेचले. तरीही आपण आपल्या मुलांना सतरंजीवर बसवून ठेवतो आणि दुसऱ्यांची वाक्ये म्हणायला लावतो. त्यांना उठवू या. त्यांच्या हाती खडू देऊ या. त्या मुलीला फळ्यावर व्हाळ काढू दे, पाण्यातली कुर्ली काढू दे, आणि ती दिसते तिथे का नसते, हे आपल्या शब्दांत सांगू दे.

जय भीम!